माशाला माप, जाळ्याला मोकळीक?

पावसाळी बंदी उठून महिनाही झाला नव्हता. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस पालघर तालुक्यातल्या मुरबे गावची एक नौका १५७ घोळी घेऊन परतली आणि लिलावात त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले. घोळीच्या मांसाला भाव असतोच, पण हा पैसा मुख्यतः तिच्या पोटातल्या बोताचा होता. हवेने भरलेली ही पिशवी माशाला पाण्यात तोलून धरते. वाळवलेल्या बोताला हाँगकाँग आणि चीनच्या बाजारात वाट्टेल तो दाम मिळतो. घोळी विणीसाठी थव्याने जमतात, त्यामुळे जाळे नेमके पडले तर थवाच्या थवा हाती लागतो. त्या दिवशी मुरब्यात कोणताही नियम मोडला गेला नाही. महाराष्ट्राच्या समुद्रात एका फेरीत किती मासे धरावेत, याला मर्यादाच नाही.

हीच घोळ ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरही सापडते. तिथेही बोताच्या भावामुळे तिच्यावर झुंबड उडाली. क्वीन्सलँड राज्याने २०१९ मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या व्यावसायिक मच्छीमारांना मिळून वर्षाला २० टनांची मर्यादा घातली आणि हौसेने गरी टाकणाऱ्याला एकच घोळ बाळगण्याची मुभा ठेवली. पुढची अट मात्र हौशींच्या चांगलीच जिव्हारी लागली. व्यावसायिकांचे २० टन भरले, की उरलेल्या वर्षात गरीवाल्यालाही घोळ बंद. जाळ्यांनी टनांनी मासा उचलायचा आणि त्यांचा वाटा संपला म्हणून एका माशाच्या धन्याने हात बांधून बसायचे, हा कुठला हिशेब, असा त्यांचा सवाल होता.

मासे कमी झाले, की मर्यादा येणारच. भांडण बहुतेक वेळा मर्यादा असावी की नसावी यावर नसते. ती कुणाच्या पानात किती वाढायची, यावर असते. वसई-विरारच्या किनाऱ्यावर पाचूबंदर, नायगाव, खोचिवडे, अर्नाळा इथल्या मच्छीमारांपुढे आज हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. तो समजून घ्यायचा तर आधी मर्यादांचे प्रकार आणि त्या कशा चालतात, हे पाहिले पाहिजे.

गरीवाल्यांचे म्हणणे

जगभर गरीने मासे धरणाऱ्या हौशींना साधारण तीन प्रकारचे नियम लागतात: दिवसाला किती मासे न्यायचे, किती लांबीच्या खालचा मासा परत सोडायचा आणि कोणत्या महिन्यांत गरी बंद ठेवायची. हे नियम कडक झाले, की त्यांच्याकडून येणारी तक्रार देशोदेशी आश्चर्य वाटावे इतकी सारखी असते.

न्यूझीलंडचे उदाहरण घ्या. ईशान्य किनाऱ्यावरचा स्नॅपर हा तिथल्या लोकांचा जीव की प्राण. एप्रिल २०१४ पासून सरकारने हौशींची मर्यादा दिवसाला ९ माशांवरून ७ वर आणली आणि किमान लांबी २७ सेंटिमीटरवरून ३० केली. व्यावसायिक नौकांसाठी किमान लांबी मात्र २५ सेंटिमीटरच राहिली. म्हणजे गरीवाल्याने पाण्यात सोडलेला २७ सेंटिमीटरचा मासा उद्या ट्रॉलरच्या जाळ्यात सापडला, तर तो कायदेशीर माल. आधीच्या प्रस्तावात तर मर्यादा ३ माशांपर्यंत खाली नेण्याचाही पर्याय होता. त्यावर हजारोंच्या संख्येने हरकती गेल्या. त्या हरकतींत ‘आम्हाला मर्यादा नको’ हा सूर फारसा नव्हता. ‘आम्ही दोन पावले मागे सरकतो, पण तेही सरकले पाहिजेत’ हा होता.

यातून लक्षात येते, की माणूस आपल्या वाट्याला आलेले ओझे एकट्याने तोलत नाही, शेजाऱ्याच्या ओझ्याशी ताडून पाहतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी ‘लोक कायदा का पाळतात’ या प्रश्नाचा अभ्यास करून १९९० मध्ये पुस्तक लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की शिक्षेच्या भीतीपेक्षा नियम करणारी आणि राबवणारी पद्धत न्याय्य वाटते की नाही, यावर नियमपालन अधिक अवलंबून असते. समुद्रावर हे दुपटीने खरे ठरते, कारण तिथे पोलीस चौकी नसते. रात्री दोन वाजता, वीस मैल आत, जाळ्यात काय आले आणि काय परत टाकले, याला साक्षीदार फक्त खलाशी.

आपल्याकडे समुद्रात हौसेने गरवणारे तुलनेने थोडे. वसईच्या किल्ल्याजवळची जेटी, खाडीचे काठ, अर्नाळ्याचे खडक इथे जिताडा, तांब, गोबरा यांच्या आशेने तासन् तास उभे राहणारे लोक दिसतात. त्यांना आपल्याकडे दिवसाची संख्यामर्यादा नाही. सागरी मासेमारीच्या कायद्याचा सारा भर नौका, परवाना आणि जाळे यांवर आहे. त्यामुळे इथे मर्यादेच्या न्यायाचा प्रश्न हौशींच्या पारड्यात न पडता थेट पोटासाठी मासे मारणाऱ्यांच्या दारात येऊन उभा राहतो.

टनांची वाटणी का नाही?

क्वीन्सलँडसारखी वजनाची मर्यादा महाराष्ट्रात का घालत नाहीत? उत्तर समुद्राच्या स्वभावात आहे. थंड प्रदेशात एका नौकेचे लक्ष्य बहुधा एखाददुसरी जात असते आणि मासळी मोजक्या बंदरांत उतरते, त्यामुळे तिची मोजदाद करता येते. आपल्या उष्ण समुद्रात एका जाळ्यात एकाच वेळी वीस-पंचवीस जाती येतात. ती मासळी उत्तरेच्या झाईपासून दक्षिणेच्या बांद्यापर्यंत शेकडो बंदरांत, खाड्यांत, वाळूवर उतरते आणि तासाभरात टोपल्यांतून वाटेला लागते. कुणाचे किती टन झाले, हे मोजणार कोण?

म्हणून आपल्याकडे मासळीच्या वजनाऐवजी साधनांवर लगाम घातला जातो. किती नौकांना परवाना, कोणते जाळे, जाळ्याची आस म्हणजे विणीतले भोक केवढे, किनाऱ्यापासून किती अंतरावर, वर्षातले कोणते दिवस, अशा अटी घालायच्या. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. त्याची पार्श्वभूमीही न्यायाच्याच भांडणाची आहे. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊ लागले तेव्हा गोव्यात रापण हे पारंपरिक जाळे ओढणारे रापणकार रस्त्यावर उतरले, केरळ-तमिळनाडूत समुद्रावर हाणामाऱ्या झाल्या. लहान होडीवाल्याला किनाऱ्याजवळचे पाणी राखून ठेवावे, यासाठी किनारी राज्यांनी एकामागून एक कायदे केले. राज्यांचा अधिकार १२ सागरी मैलांपर्यंत, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. माशाला अर्थातच ही रेघ दिसत नाही, पण नियम मोडणाऱ्याला ती बरोबर दिसते.

वर्षातले दिवस बंद ठेवण्याचा नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौका बंद असतात. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची कोळीवाड्यांची जुनी रीत याहून लांब होती. म्हणूनच बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, ही मागणी पालघर-वसईकडच्या मच्छीमारांतूनच पुन्हा पुन्हा येते. म्हणजे ‘मच्छीमारांना निर्बंध नकोत’ हा समज इथेच खोटा पडतो. निर्बंध वाढवा असे ते स्वतः म्हणतात. अट एकच, सगळ्यांना वाढवा.

या अटींच्या यादीत २०२३ मध्ये एक नवी भर पडली. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शिफारशींवरून महाराष्ट्राने ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला. त्याहून लहान मासा पकडणे आणि विकणे गुन्हा झाले. केरळने हे पाऊल २०१५ मध्येच उचलले होते. आपल्याकडच्या यादीत पापलेटला १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८०, सुरमईला ३७०, घोळीला ७०० अशा रेघा आखल्या आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरात पापलेटला राज्य माशाचा मान मिळाला. हा मान मिळण्यामागे कौतुकापेक्षा काळजी अधिक होती. १९६२ ते १९७६ या काळात राज्यात वर्षाला सरासरी ८,३०० टनांच्या आसपास पापलेट मिळे. गेल्या दशकात हा आकडा निम्म्यावर, ४,१०० टनांच्या घरात आला.

एकूण मासळीचीही हीच रड. २०१८ मध्ये राज्यात सुमारे २.९५ लाख टन मासळी उतरली होती. २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर घसरली, म्हणजे पंचेचाळीस वर्षांतला नीचांक. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळे ऐन हंगामात पाठोपाठ आली हे खरे. पण वादळ एक हंगाम बुडवते, पापलेटचा दशकानुदशके उतरत गेलेला आलेख वादळाच्या माथी मारता येत नाही.

एकच पट्टी, चार साधने

किमान आकाराचा नियम ऐकायला सर्वांत न्याय्य वाटतो. मासा लहान असेल तर नको, मोठा असेल तर घ्या. लहानथोर सगळ्या नौकांना पट्टी एकच. पण हीच पट्टी चार वेगवेगळ्या साधनांना लावली, की तिचे चार वेगवेगळे अर्थ होतात.

गरीवाल्याला हा नियम पाळणे सर्वांत सोपे. एका वेळी एक मासा, तोही जिवंत. मापात नसला तर आकडा काढून पाण्यात सोडला की झाले.

दालदी, म्हणजे पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे जाळे वापरणाऱ्यालाही तो बऱ्यापैकी जमतो. सातपाटीचे पापलेट याच जाळ्यांवर नावारूपाला आले. इथे आसच माप घेते. आसेपेक्षा बारीक मासा आरपार निघून जातो, फार मोठा अडकतच नाही आणि मधला गळ्यात आस रुतून राहतो. जाळे घेतानाच आस योग्य निवडली, तर समुद्रात पट्टी काढायची वेळ क्वचितच येते.

ट्रॉलरचे प्रकरण अवघड. ते जाळे तळ खरवडत ओढले जाते. त्याची आस शंकरपाळ्याच्या आकाराची असते आणि ओढ बसली, की हे शंकरपाळे मिटून फट बारीक होते. कागदावर आस कितीही मोठी असली तरी ओढताना मागच्या पिशवीतून पिल्लू निसटत नाही. म्हणून तिथे चौकोनी आस वापरा असा आग्रह शास्त्रज्ञ धरतात, कारण ताण आला तरी चौकोन उघडा राहतो. उपाय ठाऊक आहे आणि फार महागही नाही. अडचण इतकीच, की ज्याने तो केला त्याची पाटी शेजारच्या ट्रॉलरपेक्षा हलकी भरते.

आणि मग येते डोल. वसई, अर्नाळा, उत्तन, मढ या पट्ट्याची ओळखच डोलीवर उभी आहे. रुंद तोंडाचे आणि मागे निमुळते होत जाणारे हे पिशवीजाळे समुद्रात एका जागी खांबांना किंवा नांगरांना बांधून ठेवतात. नौका ते ओढत नाही. भरती-ओहोटीच्या पाण्याचा जोरच मासे आत लोटतो. उधाणाला पाणी जोरात धावते तेव्हा डोल भरते, भांगाला हात हलवीत परतावे लागते. पाणी फिरायच्या आत जाळे उचलले नाही, तर आलेली मासळी उलट्या ओघाने निघून जाते. डिझेल थोडे, तळाला ओरखडा नाही, म्हणून एके काळी ही मासेमारी समुद्राला सर्वांत कमी त्रासाची मानली जाई.

पण डोलीला निवड करता येत नाही. शेवटचा निमुळता भाग, म्हणजे खोला, बारीक आसेचा असतो, कारण त्यात जवळाही थांबला पाहिजे. खोल्याची दोरी सोडून मासळी फळ्यांवर ओतली, की काय दिसते? चकचकीत ओल्या बोंबलांचा लगदा, त्यात मांदेलीची सोनेरी पाती, करंदी, जवळ्याचा गुलाबी चिखल, दोन-चार खेकडे, आणि या सगळ्यात मधूनच रुपयाएवढी, बशीएवढी पापलेटची पिल्ले. उन्हाळ्याकडे, हंगामाच्या शेवटी, ही पिल्ले वाढतात. खलाशाने ती निवडून परत टाकली तरी उपयोग काय? तासन् तास पाण्याच्या दाबाखाली चेंगरून ती आधीच मेलेली असतात. पट्टी लावली तर गुन्हा सिद्ध, पण मासा वाचला नाही. मेलेले पिल्लू समुद्रात फेकले तर कायदा खूश आणि समुद्राचा तोटा जसाच्या तसा.

मोजण्यातही मेख आहे. माशाची लांबी दोन तऱ्हांनी घेतात: तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत, किंवा शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत. पापलेटची शेपटी खोल दुभंगलेली आणि खालचे टोक लांब, त्यामुळे दोन मापांत बराच फरक पडतो. कोणते माप धरायचे हे धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला नेमके माहीत नसेल, तर एकच मासा एका अधिकाऱ्यापुढे कायदेशीर आणि दुसऱ्यापुढे बेकायदा ठरतो.

थोडक्यात, पट्टी सर्वांना सारखी असली तरी तिचे ओझे सारखे नाही. गरीवाल्याला ते जाणवतही नाही, दालदीवाल्याला पेलवते, ट्रॉलरवाल्याला चुकवता येते आणि डोलवाल्याला ना पेलवते ना चुकवता येते. आणि ट्रॉलरवाल्याच्या मानाने त्याचे भांडवलही लहान.

नियम लागतो कुणाला?

वाटणी बरोबर असली तरी अंमलबजावणी वाकडी असेल तर न्याय होत नाही. पालघर-वसईच्या मच्छीमारांचा खरा राग इथे आहे.

पर्ससीन जाळे घ्या. माशांच्या थव्याभोवती वर्तुळ टाकायचे आणि खालची दोरी आवळून अख्खा थवा उचलायचा, ही त्याची पद्धत. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध आणले. परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे ठरले, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला आणि झाई ते मुरूड या पट्ट्यात राज्याच्या हद्दीत पर्ससीनला मज्जाव केला. वसई-विरारचा सगळा किनारा या पट्ट्यात येतो. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. झगझगीत उजेडाला भुलून मासळी एका जागी गोळा होते आणि एक नौका बाकीच्यांच्या वाट्याचे उचलून नेते, हे त्यामागचे कारण.

कागद चोख होते. पण हे प्रकार चोरून चालूच असल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. १९८१ च्या कायद्यातले दंड इतके किरकोळ होते, की एका खेपेच्या कमाईत ते सहज फिटत. २०२१ च्या दुरुस्तीने ही विसंगती बरीच दूर केली. एलईडीसाठी दंड ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत गेला आणि खटल्यांचा निवाडा तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आला. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने किनाऱ्यावर नऊ ठिकाणांहून ड्रोनची गस्त सुरू केली. त्यांत पालघरमधले शिरगाव आणि वसई खाडीपलीकडचे उत्तन आहेत.

ड्रोनमुळे नौका कुठे आहे आणि दिवे लावले आहेत का, हे दिसते. पण तिच्या शीतपेटीतला मासा किती लांबीचा, हे दिसत नाही. त्यासाठी धक्क्यावर तपासणी लागते आणि धक्क्यावर सर्वांत आधी सापडतो तो रोज घरच्या बंदरात येणारा डोलवाला. खोल समुद्रातून येणारी मोठी नौका आपला माल कुठल्या बंदरात उतरवायचा, हे निवडू शकते. लहान होडीला तेवढीही निवड नसते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही भावना वाढते ती अशा ठिकाणी.

शिवाय मासा बाजारात पोचल्यावर त्याच्यामागची साखळी अदृश्य होते. लहान पापलेट विकत घेणारा व्यापारी, ते तळून ताटात देणारे हॉटेल, पिल्लांचा कुटा उचलणारा फिशमीलचा कारखाना, हे सगळे मागणी निर्माण करतात. पट्टी मात्र निघते जाळ्यापाशी. विक्रीवरही बंदी आहेच, पण ती घाऊक बाजारात राबवली तरच तिला अर्थ. एका गाळ्यावरची तपासणी वीस नौकांच्या तपासणीइतके काम करते.

कवींचा वाद

मच्छीमार एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या बाजूला, असे सरळ चित्र मात्र नाही. पालघर जिल्ह्यातला सर्वांत चिवट वाद मच्छीमारांच्या आपापसातला आहे.

डोल बांधायची समुद्रातली जागा म्हणजे कव. कव मारणे म्हणजे तळाशी खांब रोवून किंवा नांगर टाकून ती जागा पक्की करणे. कुणाची कव कुठे, दोन कवींत अंतर किती, यांचे संकेत पिढ्यान् पिढ्या चालत आले. बापाची कव मुलाकडे जाते. कुठेही लेखी सातबारा नसताना समुद्राची ही वाटणी गावांनी सांभाळली. बाहेरून बघणाऱ्याला मोकळा दिसणारा समुद्र डोलवाल्यांच्या डोक्यात आखलेला असतो.

पण किनाऱ्याजवळची मासळी आटली, नौकांना इंजिने आली, आणि वसई, उत्तन, मढ इकडच्या कवी उत्तरेला आणि खोल पाण्यात सरकत गेल्या. तिथे सातपाटी, डहाणू भागातले दालदीवाले आधीपासून मासेमारी करतात. त्यांची जाळी पाण्याबरोबर वाहत जातात आणि वाटेत रोवलेल्या कवींत अडकून फाटतात. शिवाय डोलीत पापलेटची पिल्ले मरतात आणि पुढे तीच मोठी होऊन आमच्या जाळ्यात आली असती, ही त्यांची दुसरी तक्रार. उलट वसईकर विचारतात, समुद्र कुणा एका गावाच्या नावे कधी झाला? बैठका होतात, हद्दी ठरतात, हंगाम आला की पुन्हा ठिणगी पडते.

दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे, म्हणून हा वाद नीट पाहण्याजोगा आहे. गावापुरता न्याय सांभाळणारी कवींची व्यवस्था दोन गावांमध्ये अपुरी पडते, कारण दोघांच्या रीतींवर एकत्र बसून निवाडा करणारी, दोघांनाही मान्य असलेली जागा नाही. सातपाटीच्या सहकारी संस्थांनी लहान पापलेट न मारण्याचे, हंगाम लवकर आवरण्याचे ठराव आपणहून केले आहेत. पण एका गावाने सोडलेला मासा दुसऱ्या गावाच्या खोल्यात जाणार असेल, तर असा ठराव किती हंगाम टिकेल?

किनाऱ्यावरून येणारा घाव

मर्यादेच्या न्यायाला आणखी एक बाजू आहे. मासा फक्त जाळ्याने कमी होत नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी खाडीत आणि समुद्रात गेल्याबद्दल अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना कोट्यवधींची भरपाई भरायला सांगितले. वाढवण इथल्या महाबंदराला जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटींहून अधिक. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये त्याचा पायाही घातला गेला. जिथे हे बंदर होणार, तो भाग आमच्या मासळीचे माहेर आहे, असे मच्छीमार वर्षानुवर्षे सांगत आले.

बंदर व्हावे की न व्हावे, हा वेगळा विषय. पण १३५ मिलिमीटरचे पापलेट वाचवा असे डोलवाल्याला सांगणाऱ्या व्यवस्थेने त्या पिल्लाच्या वाढीच्या जागेवर किती भराव पडणार याचा हिशेब त्याच्यासमोर मांडला नाही, तर तो पट्टीकडे संशयानेच पाहणार. त्याग मागायचा असेल तर तो सर्वांकडून मागितला जातोय हे दिसावे लागते.

ज्यांनी स्वतःची पट्टी बनवली

किमान आकाराचा नियम न्याय्य होऊ शकतो का? होऊ शकतो आणि त्याचा दाखला अमेरिकेतल्या मेन राज्यात आहे. तिथल्या शेवंडाला दोन मापे आहेत. कवच सव्वातीन इंचांहून कमी असेल तर परत सोडायचे, पाच इंचांहून जास्त असेल तरी परत सोडायचे, कारण मोठी मादी सर्वाधिक अंडी देते. अंडी असलेली मादी सापडली, की तिच्या शेपटीवर व्ही आकाराची खाच पाडून तिला सोडतात. पुढे ती अंड्यांविना कुणाच्या पिंजऱ्यात आली तरी खाच पाहून तो तिला हात लावत नाही. हे नियम केवळ वरून आले नाहीत. मच्छीमारांनी भांडून, पटवून, एकमेकांवर पाळत ठेवून ते रुजवले.

सामायिक संपत्तीच्या अशा व्यवस्थांचा जगभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या. नियमाचा भार ज्यांच्यावर, त्यांचा नियम करण्यात हात असतो. लाभ आणि झीज यांचा मेळ असतो. देखरेख करणारे लोकांना उत्तरदायी असतात. पहिल्या चुकीला लहान शिक्षा, सवय लागली तर मोठी. आणि तंटा सोडवायला जवळ, स्वस्त, विश्वासाची जागा असते.

मेनच्या शेवंडाला एक फायदा होता, हेही विसरायला नको. पिंजऱ्यातला शेवंड जिवंत येतो, गरीवरच्या माशासारखा. परत सोडणे तिथे खरोखर वाचवणे असते. डोलीला मेनची नक्कल चालणार नाही. डोलीचा न्याय समुद्रात पट्टी लावून होणार नाही, तो खोल्याची आस आणि जाळे टाकण्याचा महिना या दोन गोष्टींतूनच होईल. पिल्ले वाढतात त्या आठवड्यांत डोल बंद आणि त्या बंदीच्या काळात डोलवाल्याला भरपाई, हा नियम पट्टीपेक्षा पाळायला सोपा, तपासायला सोपा आणि माशाला खरोखर उपयोगी. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. नुकसानीच्या वेळी शेतकऱ्याला हात देण्याची जी रीत आहे, ती बंद हंगामात मच्छीमारापर्यंत आणायला आता आधार सापडला आहे.

ट्रॉलरला चौकोनी आस सक्तीची करायची तर ती एका बंदरातल्या सगळ्यांना एकाच हंगामात करावी लागेल, म्हणजे सचोटीने वागणाऱ्याची पाटी हलकी राहणार नाही. लहान मासळीची तपासणी धक्क्याइतकीच घाऊक बाजारात आणि फिशमीलच्या दारात व्हावी. डिझेलचा परतावा सहकारी संस्थांमार्फत मिळतो, त्यामुळे संस्थांच्या हाती एक लगाम आहेच. तो वापरण्याचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही त्यांना स्पष्टपणे द्यायला हवी. आणि वसई ते डहाणू या सगळ्या गावांच्या संस्था, डोलवाले आणि दालदीवाले, एका टेबलाशी बसवून कवी, हंगाम आणि पिल्लांचे महिने यांचा एकच करार व्हायला हवा. गावोगावचे ठराव वेगवेगळे राहिले, तर प्रत्येक ठराव शेजारच्याच्या फायद्याचा होतो.

घोळीबद्दलही तेच. ७०० मिलिमीटरचा नियम पिल्लांना वाचवतो, पण विणीला जमलेला अख्खा थवा एका जाळ्यात आला तर त्याला काही म्हणत नाही, कारण त्यातली प्रत्येक घोळ मापात असते. अशा जातीला आकाराबरोबर संख्येची किंवा विणीच्या दिवसांची मर्यादाही लागेल. ती लावताना क्वीन्सलँडची चूक टाळता येईल. एकाचा वाटा संपला म्हणून दुसऱ्याचे ताट ओढू नये. आधी कुणाचा वाटा किती हे ठरवावे, आणि मग ज्याचा संपेल त्याने थांबावे.

मासा वाचवणे हे जीवशास्त्राचे काम वाटते, कारण पट्टी शास्त्रज्ञाच्या हातून येते. पण ती पाळायची की नाही हे समुद्रावर, रात्री, नौका चालवणारा एकटा तांडेल ठरवतो. तिथे त्याच्या मनात पहिला प्रश्न माशाच्या लांबीचा नसतो, शेजारची नौका काय करते आहे हा असतो. त्या प्रश्नाला विश्वासाचे उत्तर मिळाले, तर ५४ जातींची यादी पुरेशी ठरेल. नाही मिळाले, तर यादी १०० जातींची करूनही पापलेटचा आलेख वर वळणार नाही.